आधी तिला वाढा

मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडं तीन साहेब आणि एक बाई बसल्या होत्या. साहेबांनी माझ्या ड्रॉइंगच्या डिप्लोम्याबद्दल विचारलं, वडील काय करतात ते विचारलं, खेड्यापाड्यांत फिरायची तयारी आहे का तेही विचारलं. मधेच बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या आणि अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून डोळ्याच्या आत पाहिलं.

"पांढरी आहे," त्या साहेबांना म्हणाल्या. मग मला विचारलं, "घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?"

"आई."

"आणि तिच्या आधी?"

"मी."

"दिसतंच आहे." त्या जागेवर जाऊन बसल्या. "हिला घ्या. हिला फार समजावून सांगावं लागणार नाही."

अशी मला तेव्हाच्या औरंगाबादेत, एका मेडिकल कॉलेजात, चित्रकाराची नोकरी लागली. बाई तिथल्या एका विभागाच्या प्रमुख होत्या. खेड्यातल्या बाया आणि लेकरं का मरतात ते शोधायचं आणि मरू नयेत म्हणून काय करावं ते लोकांना शिकवायचं, हे विभागाचं काम. मी तक्ते काढायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांना चित्रातून कळावं म्हणून.

पापणीची सवय बाईंना सुटली नाही. आतला रंग लाल असेल तर रक्त ठीक, फिका असेल तर कमी, एवढं साधं गणित. पण त्या ते कुठंही करत. एसटीत शेजारी बसलेल्या बाईची पापणी ओढत, गुलमंडीत बांगड्या भरणाऱ्या कासारणीची ओढत. कॉलेजातल्या एका डॉक्टरांच्या मुलीचं लग्न होतं, तिथं अहेर द्यायला त्या स्टेजवर चढल्या आणि नवरीची पापणी ओढून बघितली. सनईवाला वाजवायचा थांबला. बाई नवऱ्या मुलाच्या आईला म्हणाल्या, "मुलगी छान आहे. पण रक्त नाही अंगात. निदान वर्षभर तरी नातवंडाची घाई करू नका, आणि तोवर हिला तुमच्या पंगतीला घ्या." त्या विहीणबाईंनी पुढं कित्येक दिवस बाईंचं नाव काढलं नाही. नवरीनं मात्र काढलं. ती नंतर दर महिन्याला विभागात यायची, पापणी दाखवायला.

बाई उंच आणि हाडकुळ्या होत्या. अंगावर पांढरी सुती साडी आणि पायात पुरुषांचे काळे बूट. चिखलात चपला रुततात म्हणून. घराणं मराठी, पण वडील निजामाच्या चाकरीत, त्यामुळं सगळं शिक्षण हैदराबादेत उर्दूतून झालेलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला तेव्हा त्या डॉक्टर झालेल्या होत्या. त्यांनी अंकलिपी आणून अक्षरं गिरवली. मी पाहिलं तेव्हाही लिहिताना त्यांचे ओठ हलायचे, आणि वेलांट्या हमखास चुकायच्या. आमचे हेडक्लार्क एकदा भीत भीत म्हणाले, "बाई, इथं दुसरी वेलांटी पाहिजे." बाई म्हणाल्या, "जी जी. तुम्ही देऊन टाका. पहिली दिली काय न् दुसरी दिली काय, बाई मरायची ती मरतेच आहे."

नव्या विद्यार्थ्यांचा पहिला तास त्या पुस्तकाशिवाय घेत. मी एकदा तक्ते टांगायला गेले होते म्हणून तो तास पाहिला. बाई एकेका मुलाला उभं करून विचारत होत्या, "काल तुझी आई काय जेवली?" मुलं हसायला लागली. भाजी-भाकरी, म्हणाली. "ते तू जेवलास. ती काय जेवली?" एकालाही सांगता येईना. बाईंनी डस्टर टेबलावर ठेवलं. "गलत बात आहे. ज्या बाईनं तुम्हाला जेवू घातलं तिचं माहीत नाही, आणि दुनियेच्या आयांना शिकवणार? जा, विचारून या. तोवर मी पुढं शिकवत नाही."

आणि खरंच शिकवलं नाही. मुलं वैतागली, कुणी वरपर्यंत तक्रारही केली. मग गंगापूरकडचा एक मुलगा सुट्टीत घरी जाऊन आला. घरचा ऊस होता, गोठ्यात दुभती जनावरं होती. तो वर्गात उभा राहिला. "विचारलं," म्हणाला. "आई म्हणली, तुला रे काय करायचंय? मग हसली. मग म्हणली, भाजी सरली होती, चटणीसंगं खाल्ली. दूध इचारलं तर म्हणली, ते घालायचं असतंय डेअरीला." बाईंनी त्याला खाली बसायला सांगितलं आणि त्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केली.

बाईंचा एक मोठा अभ्यास तेव्हा चालू होता. पिशोरच्या बाजूला काही गावं धरली होती. गरोदर बाई घरात काय खाते, कधी खाते, कोणाच्या नंतर खाते, हे बघायचं. विचारायचं नाही, बघायचं. "विचारलं की बाई म्हणते, पोटभर जेवते. सासू ऐकत असते ना," असं त्या म्हणत. म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायचो. त्याच गावांपैकी एकात दर मंगळवारी गरोदर बायांचा दवाखाना भरायचा. गावच्या पाटलांनी त्यासाठी आपल्या घराची ओसरी दिली होती.

त्याच दवाखान्यात मला धुरपा भेटली.

तेव्हा मी मोठ्या हौसेनं एक तक्ता केला होता. गोरीपान बाई उभी आहे, तिचं पोट खिडकीसारखं उघडं आहे आणि आत बाळ. शहरात सगळ्यांनी वाहवा केली. गावात तो टांगला आणि बाया मागं सरकल्या. एक तरणी पोरगी, हातात दगडासारख्या जड पाटल्या, पुढं आली. "बया, हिचं पोट कुणी फाडलं?" आणि खदखदून हसली. मग चित्राच्या पायाकडं बोट करून म्हणाली, "ही आमच्यातली नाय. हिच्या पायात चपला हायेत."

बाईंना तिचं म्हणणं फार आवडलं. "आता हिलाच काढ," त्या मला म्हणाल्या. मी धुरपाला समोर बसवलं. ती मेंढ्या राखणाऱ्या कुटुंबातली. गावाबाहेरच्या माळावर त्यांचा तळ पडला होता. दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पहिलं मूल राहिलं नव्हतं. तिला स्थिर बसणं जमत नसे. दर थोड्या वेळानं "झालं का, ताई?" म्हणून उठून बघायची. शेवटी तक्ता तयार झाला. धुरपा मांडी घालून जेवायला बसली आहे, पुढं भाकरी, डाळ, पालेभाजी, वाटीत दूध. तिनं तो बराच वेळ बघितला. "मी हाय खरी," म्हणाली, "पन हे ताट कुणाचं हाय?"

धुरपा आणि तिच्यासारख्या मेंढ्यांवाल्या बाया पाटलांच्या ओसरीवर चढत नसत. कुणी पाटी लावलेली नव्हती, पण समोरच्या कडुलिंबाखाली थांबायचं हे त्यांना ठाऊक होतं. गावातल्या बायांना ओसरीवर तपासून झालं की बाई बूट घालून खाली उतरत आणि लिंबाखाली तपासत. त्यांनी पाटलांकडं दोनदा विषय काढला. पाटील दर वेळी हसून म्हणाले, "त्यान्लाच बरं वाटतं तिथं."

एका मंगळवारी पाटलांनी आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. बाजरीची भाकरी, भरली वांगी, शेवयांची खीर. पाटील, त्यांचा मुलगा, बाई आणि मी, असे पाटांवर बसलो. वाढत होती पाटलांची सून, कमल. डोक्यावर पदर, सहावा-सातवा महिना, पाय सुजल्यासारखे. बाईंनी ताटाला हात लावला नाही.

"हिचं ताट कुठं आहे?"

"जेवंल की ती मागून," पाटील म्हणाले.

"मग मीही मागून जेवते. आधी तिला वाढा."

पाहुणा जेवत नाही तोवर यजमानाला घास उचलता येईना. पाटलांचा हात ताटावरच राहिला. मुलगा खाली मान घालून खिरीकडं बघत होता. आतल्या दारात पाटलीणबाई उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात तशी रीत नाय, डाक्टरीणबाई. म्या बी जल्मभर मागूनच जेवले."

आता बाई यांना झाडणार, असं मला वाटलं. बाई उठल्या, दारापाशी गेल्या आणि पाटलीणबाईंची पापणी ओढून पाहिली. पाटलांच्या देखत.

"तुमचीही पांढरीच आहे, माय." आवाज एकदम खाली आला होता. "हा मुलगा तुमचा कितवा?"

"जगल्याला पहिला," पाटलीणबाई म्हणाल्या.

बाईंनी आपला पाट उचलला, चुलीजवळ नेऊन मांडला, शेजारी माझा मांडला. "बसा. सूनबाई, तूही बस. आज मी वाढते." दोघी बसेनात. बाईंनी पाटलीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना अक्षरशः खाली बसवलं. तव्यावरची भाकरी उचलताना स्वतःची बोटं भाजून घेतली, ती भाकरी त्यांच्या ताटात टाकली. पाटलीणबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. एक तुकडा तोंडात घातला आणि थांबल्या.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पोळतंय," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "कडकडीत खायाची सवय ऱ्हायली नाय."

त्यांचं हसणं थांबेपर्यंत डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. कमल खाली मान घालून भराभर जेवत होती, कुणी ताट काढून घेईल अशा भीतीनं. बाहेर पाटलांनी ताट सारलं आणि न जेवताच हात धुतले.

पुढच्या मंगळवारी ओसरीला कुलूप. धान्य ठेवलंय, असा निरोप मिळाला. आमचे जीपचे ड्रायव्हर, त्यांना सगळे चाचा म्हणत, ते म्हणाले, "देखो बाई, मैं बोला था ना, आप खाना खा लेते तो अच्छा रहता." बाईंनी सरळ लिंबाखाली टेबल लावायला सांगितलं. "उत्तम झालं. वर-खाली करून माझे गुडघे दुखत होते."

गावातल्या बाया आधी दूर उभ्या राहिल्या. मग ऊन चढलं आणि सावली एकच होती. एकेक करून येऊन बसल्या, मेंढ्यांवाल्या बायांच्या शेजारी. कमलला पाटलांनी यायची मनाई केली होती. पाटलीणबाई मात्र आल्या, ताकाची चरवी घेऊन. "उन्हात बसलाव म्हणून आणलं," म्हणाल्या, आणि धुरपाच्या बाजूला टेकल्या.

त्याच दिवशी धुरपा पहिल्यांदा हसली नाही. "डोकं लई ठणकतंय," ती म्हणाली. "डोळ्याम्होरं काजवे चमकत्यात." बाईंनी तिचं ब्लडप्रेशर पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तिचा हात धरला. "आत्ताच्या आत्ता माझ्यासोबत शहरात चल. हे काजवे चांगले नाहीत. झटके येतील. तूही जाशील आणि बाळही."

"मालकाला इचाराया पायजे. मेंढरांमागं गेलाय लांब."

बाई तिच्याबरोबर तळावर गेल्या. नवरा नव्हता. तळावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, पोराला विचारल्याबिगर कसं धाडू, तो आला की उद्या आणून सोडू. बाई बराच वेळ त्याच्याशी बोलल्या, रागावल्या, हात जोडले. धुरपाच म्हणाली, "येते, बाई. तुमी जावा."

ती आली नाही. बाई दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेल्या तेव्हा माळ मोकळा होता. चारा संपला, तळ हलला होता. मग आमची जीप रस्तोरस्ती विचारत फिरायला लागली. कुणी म्हणे कन्नडकडं गेले, कुणी म्हणे गंगापूरकडं. तिकडं गोदाकाठचे शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतात. बाईंनी तास बंद केले, बैठका बुडवल्या. शेवटी गंगापूरच्या पुढं एका नांगरलेल्या रानात दुपारी तळ सापडला. धुरपाचा नवरा घोंगडीवर बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही.

"गेली," तो म्हणाला. "झटके आले. गाडी मिळंपर्यंत गेली."

बाईंनी पहिलं विचारलं ते, "लेकरू?"

लेकरू होतं. धुरपाची नणंद त्याला मेंढीच्या दुधात भिजवलेली चिंधी चोखायला देत होती. बाई मातीतच बसल्या. तिला वाटी-चमचा कसा उकळायचा, दूध कसं पाजायचं, लेकराला छातीशी उघड्या अंगाला कसं धरून ठेवायचं, ते ऊन उतरेपर्यंत दाखवत राहिल्या. पुन्हा पुन्हा तिच्याकडून करून घेतलं. आवाज अगदी नेहमीसारखा. परतताना मात्र रस्त्यात त्यांनी जीप थांबवली, उतरल्या आणि चालायला लागल्या. चाचांनी जीप त्यांच्या मागून हळूहळू नेली. हॉर्न वाजवला नाही, हाक मारली नाही. ते काळे बूट धुळीतून पुढं पुढं जात होते. खूप वेळानं त्या थांबल्या आणि जीपमध्ये येऊन बसल्या.

नंतर वरून एक साहेब अभ्यासाची पाहणी करायला आले. ते म्हणाले, धुरपाचं नाव यात धरता येणार नाही. ती आपल्या गावांतली नव्हती आणि मेली तेही दुसऱ्या तालुक्यात. बाई म्हणाल्या, "साहेब, जी सापडते तिचीच आपण मोजणी करतो. मग म्हणतो, सगळं ठीक आहे. जी सापडत नाही, तीच तर मरते." साहेब म्हणाले, नियम आहे. बाई म्हणाल्या, "मग माझा अभ्यास गलत आहे असं लिहा. ती मात्र त्यात राहील." आणि ती राहिली.

तिचं चित्र असलेला तक्ता मला टांगवेना. मी तो गुंडाळून कपाटामागं ठेवला होता. बाईंनी तो स्वतः काढून आणला. "ती नाही म्हणून तिचं ताटही उचलायचं?" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी दवाखान्याचा वार बदलला. मेंढ्यांवाले कुठंही असोत, मीठ-मिरचीला आणि कोकरं विकायला पिशोरच्या आठवडी बाजाराला येतातच. मग आम्हीही बाजारात बसायला लागलो, एका बाजूला कांद्याचे ढीग आणि दुसऱ्या बाजूला बांगडीवाला. कापडी पडदा बांधून आत तपासणी आणि बाहेर दोरीवर धुरपा, जेवायला बसलेली. चाचा पडद्याबाहेर उभे राहून ओरडत, "आओ माँ, आओ! इधर फुकट है!" लोक सुरुवातीला हसले. मग तळ हलायच्या आधी बाया येऊन सांगायला लागल्या, आता आम्ही अमक्या गावाकडं चाललो.

अशाच एका बाजाराच्या दिवशी पाटलीणबाई गर्दीतून जवळजवळ धावत आल्या. एवढ्या मोठ्या घरची बाई, पायात चपला नाहीत. "डाक्टरीणबाई, धुरपा म्हनली व्हती तसंच सून म्हनतीय. काजवे दिसत्यात म्हनतीय."

आम्ही पडदा तसाच सोडून निघालो. पाटलांच्या घरी कमल अंथरुणावर होती, चेहरा फुगलेला. बाईंनी ब्लडप्रेशर पाहिलं आणि चाचांना जीप दाराशी लावायला सांगितलं. पाटील दारात आडवे आले. "आमच्या घरातल्या बायकांची बाळंतपणं घरातच झाली. सुईणीला बोलावलंय. जीपमधी कुणी जायचं नाय."

बाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांच्या आधी पाटलीणबाई कमलला धरून पुढं झाल्या. नवऱ्याच्या बाजूनं वाट काढली, सुनेला जीपमध्ये आडवं केलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन स्वतः बसल्या.

"म्या बसले," त्या म्हणाल्या. "इतकी पुरली ती बास झाली. आता कोन उतरवतंय बघू."

पाटील तिथंच उभे राहिले. चाचांनी गाडी काढली.

रस्त्यात फुलंब्रीच्या पुढं कमलला पहिला झटका आला. दात कराकरा वाजले, अंग ताठ झालं. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं. पाटलीणबाई मोठ्यानं एकच शब्द म्हणत होत्या, "माय, माय, माय." हर्सूल मागं पडलं तेव्हा दुसरा आला. चाचा शहरात शिरताना हॉर्नवरचा हात उचलेनात.

कमल वाचली. तिला मुलगी झाली, तळहाताएवढी. पाटलीणबाईंनी तिला वॉर्डात उघड्या छातीशी धरलं, आणि नर्स सांगेल तेव्हाच खाली ठेवलं. पाटील दोन दिवसांनी आले, हातात डबा घेऊन, आणि वॉर्डाच्या दाराबाहेरच घुटमळत राहिले. बाई शेजारून जाताना न थांबता म्हणाल्या, "तुमच्या बायकोनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही." पाटील आत गेले. खाटेजवळ उकिडवे बसले, डबा उघडला आणि झाकणात भाकरी-भाजी काढून बायकोपुढं धरली. पाटलीणबाईंचे दोन्ही हात नातीत गुंतले होते. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग पाटलांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी तिथून निघून आले. मला त्यापुढचं बघायचा अधिकार नव्हता.

मी एकदा बाईंना बोलून गेले, की धुरपाच्या जाण्यानंच कमल वाचली. एवढ्या चिडलेल्या बाई मी कधी पाहिल्या नव्हत्या. "कुणाचं मरण कुणाच्या उपयोगाचं नसतं," त्या म्हणाल्या. "दोघींनाही जगायचं होतं. एकीला घर होतं, दाराशी रस्ता होता. दुसरीला नव्हता. एवढंच झालं. याच्यात पुण्य शोधू नकोस."

धुरपाचा मुलगा जगला. पुढच्या वर्षी बाजारात नणंदेच्या कडेवर आला, आणि बाईंनी पापणी ओढल्यावर त्यानं त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला. बाई दिवसभर तो हात सगळ्यांना दाखवत होत्या.

अशा बाईबद्दल लोक गोष्टी रचणारच. कुणी म्हणे त्यांची थोरली बहीण बाळंतपणात गेली, कुणी म्हणे त्यांचं स्वतःचंच मूल. मलाही ते खरं वाटायचं. एकदा जीपमध्ये धीर करून विचारलं. त्या मोठ्यानं हसल्या.

"माझ्या घरी कुणी नाही मेलं. बहिणी चांगल्या खाऊनपिऊन जाड झाल्यात. मी लग्न केलं नाही, कारण मला कुणी पसंत पडलं नाही." मग हसू मावळलं. "दुसऱ्याच्या घरची बाई मेली तर राग यायला आपल्या घरची मरावी लागते का?"

माझं लग्न झालं, दिवस गेले, तेव्हा बाई न कळवता औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी आल्या. सासूबाई शाळेत शिक्षिका, घरात डायनिंग टेबल, सगळे एकत्र जेवणारे. बाईंनी चहा घेतला, टेबल पाहिलं आणि माझ्या सासूबाईंना विचारलं, "आणि गरम पोळ्या कोण करतं, सगळे एकत्र जेवताना?" सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. त्या रात्रीपासून आमच्याकडं पोळ्या आधी करून ठेवायला लागले. यजमान काही दिवस कुरकुरले. मग गार पोळीची सवय झाली त्यांना.

निवृत्तीनंतर बाई हर्सूलला तलावाच्या बाजूला छोट्या घरात राहायला गेल्या. मला वाटलं आता विसावतील. काही महिन्यांनी भेटायला गेले तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, "त्या जेलपाशी असतात सकाळच्या."

कैद्यांना भेटायला लांबलांबच्या गावांहून बाया यायच्या. पहाटेच्या एसटीनं यायचं आणि आपली पाळी येईपर्यंत रस्त्याकडेला बसायचं. कडेवर लेकरं, काहींना दिवस गेलेले. बाई त्यांच्यात बसलेल्या होत्या, तेच बूट, डोक्यावर ओला नॅपकिन. एका बाळंतिणीच्या लेकराला पदराची सावली धरून.

"नवरा आत गेला की बाहेर बाई राहते," त्या मला म्हणाल्या. "खटला तिच्यावर नाही, पण शिक्षा तिलाही. हिला गावात कुणी दारात उभं करत नाही. सरकारी दवाखान्यात नाव सांगायला लाजते. बघ, हे लेकरू. टोचलेलंच नाही."

समोर एका चहावाल्याची टपरी होती, बाजूला त्याची थोडी मोकळी जागा. बाई त्याच्याकडं रोज चहा पीत आणि रोज त्याच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी करत. अखेर त्यानं जागा दिली. बाईंनी लाकडी खांब आणून चार पत्रे टाकले, खाली बाकडी, एका कोपऱ्यात लेकराला पाजायला आडोसा. आठवड्यातून एकदा नर्स येऊन लेकरांना टोचायला लागली. ती नर्स बाईंचीच विद्यार्थिनी. बोलावलं म्हणून नाही, धाकानं यायची.

बाई गेल्या तेव्हा मी मुलाकडं परगावी होते. पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. घर भाच्यांनी आवरायला घेतलं होतं. कुणाला काय हवं ते घेऊन जा, म्हणाले. मला काही घ्यावंसं वाटलं नाही. मी चालत जेलच्या रस्त्याला आले.

पत्र्याखाली गर्दी होती. कुठंही बाईंचं नाव नव्हतं. त्यांना ते सुचलंही नसतं. टपरी आता चहावाल्याच्या मुलाची झाली होती. तिथल्या बायांपैकी एकीलाही बाई ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी उन्हातच उभी राहून बघत होते. बाकड्याच्या टोकाला एक विशीतली पोरगी लेकराला पाजत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. कुणाला भेटायला आलेली म्हातारी, असं तिला वाटलं असावं. तिनं पिशवी मांडीवर घेतली, लेकरासकट सरकली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात थापटला.

"उन्हात कामून उभ्या, आज्जी? बसा की. सावली हाय."